तेराव्या स्तोत्राची भिंत

६ जानेवारी, सोमवार

आज पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. वय बत्तीस, पण आवाज काढतात साठीचा. चर्चच्या डाव्या भिंतीची ओल काढून नवा गिलावा झालाय आणि ती एवढी लांबलचक पांढरी भिंत त्यांना बघवत नाही. "ताई, तुम्ही मुलांच्या साप्ताहिकात बोका काढता ना, तसं काहीतरी काढा. चित्रकथा. पण बोका नको. स्तोत्र काढा."

कुठलं, विचारलं तर म्हणे, अर्थात मेंढपाळाचं. मेंढरं सगळ्यांना आवडतात. मला मेंढरं जमत नाहीत. माझी मेंढरं म्हणजे पाय फुटलेले ढग. ते काही मी सांगितलं नाही. तोंडातून निघून गेलं, "मी तेरावं काढते."

तेरावं लहान आहे. माणूस सुरुवातीला देवाला चार वेळा एकच विचारतो, किती वेळ? मग उजेड मागतो. आणि शेवटी, मधे काय झालं ते न सांगता, गायला लागतो. तेरावंच का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. तो माणूस ओळखीचा वाटतो, एवढंच म्हटलं.

घरी येऊन पप्पांना सांगितलं, चर्चची भिंत रंगवायचं काम मिळालंय. पप्पा "हं" म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. एकतीस वर्षं त्या चर्चचे पाळक होते. अर्ध्या गावाची लग्नं लावली, अर्ध्या गावाला माती दिली. आता उपासनेलाही येत नाहीत. आईला जाऊन वर्ष झालं या आठवड्यात.

जेवायला बसलं की पप्पा हात जोडतात, मी डोळे मिटते आणि वाट बघते. पूर्वी या जागी प्रार्थना असायची, इतकी लांब की आई मधेच हळूच पातेल्यावर झाकण ठेवायची. आता थोड्या वेळाने ताटाला चमचा लागल्याचा आवाज येतो. मग मी डोळे उघडते.

१५ जानेवारी

चित्रांसाठी बारा लाकडी फळे भिंतीवर लागले. आपल्या मंडळीतला प्लंबर ड्रिल मशीन घेऊन आला होता. त्याने एकेक फळा भिंतीवर ठोकला, दोन फळ्यांमधे वीतभर जागा सोडून. मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला पहिला, आणि वेदीजवळ बारावा. "ताई, मधली जागा वाया जाते बघा. चिकटून लावले असते तर अजून दोन बसले असते."

त्याला सांगितलं की सगळी गंमत त्या मधल्या जागेतच असते. एका चौकटीत पेला हातात, पुढच्या चौकटीत फरशीवर फुटलेला. पडताना आपण कधीच बघत नाही, तरी पडला हे आपल्याला ठाऊक. देव मी काढणार नाही. दाढी नाही, ढगातून आलेला हात नाही, किरणं नाहीत. त्याने त्या वीतभर जागेत राहावं. प्लंबर बराच वेळ फटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "त्याला तिथे अडचण होईल."

अक्षरंही नकोत असं ठरवलं. बोलण्याचे फुगे नाहीत, आकडे नाहीत. ज्यांना स्तोत्र पाठ आहे त्यांना लागत नाहीत, आणि ज्यांना नाही त्यांनी आधी नुसतं बघावं.

२१ जानेवारी

सकाळी आठ ते बारा चर्चमध्ये एकटी असते. उंच खिडक्यांतून ऊन येतं आणि फळ्यांवरून सरकत जातं. पहिल्यावर आलं की मी पहिल्यावर काम करते, दुसऱ्यावर गेलं की दुसऱ्यावर. कोण कोणाच्या मागे चाललंय ते कळेनासं होतं. आज पेन्सिल चालू असताना असं वाटलं की मी काही काढत नाहीये, आतलं आधीच आहे आणि मी फक्त वरची धूळ झटकतेय. बाराचे ठोके पडले तेव्हा मी चमकले. चार तास गेले होते आणि मला तहानसुद्धा लागली नव्हती.

शब्दांनी प्रार्थना करायला मला कधीच जमलं नाही. पाळकाची मुलगी असून. लहानपणी मंडळीसमोर उभं केलं की मी म्हणायची, "प्रभू, सगळं ठीक आहे, आमेन." लोक हसायचे, पप्पा नाही हसायचे. पण हात चालू असतो तेव्हा कोणीतरी खोलीत बसून बघतंय असं वाटतं. घाई न करता. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. पप्पांना विचारलं असतं, पूर्वीचे पप्पा असते तर.

३० जानेवारी

बाराही फळ्यांवर पेन्सिल झाली. पाळकसाहेब येऊन बघून गेले. "ताई, हा स्तोत्रकर्ता चपला घालून आहे."

"घरात चपला घालतो तो. फरशी गार असते."

"आणि पायजमा?"

म्हटलं, वीणा आणि झगा काढला की मुलांना वाटतं ही जुन्या काळची माणसं, यांचं दुःखही जुनं. पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. भला माणूस आहे. मानेनेच हो म्हणाले.

पहिली चौकट मला स्वतःला फार आवडली. माणूस एकटाच मोठ्या पलंगाची चादर घडी करतोय. दोन टोकं दोन हातांत, मधली कड हनुवटीखाली दाबून धरलेली. कुठून सुचलं देव जाणे. दुसरीत तो एका कपाचा चहा करायला मोठंच भांडं घेतो. तिसरीत दाराची घंटा वाजली म्हणून उठतो, पण वाजलेली नसते. चौथीत नुसता पलंगाच्या कडेला बसलाय. चार वेळा किती वेळ. पुढे दिवा जातो, अंधार, मग तो अंधारात हात पुढे करतो, मग उजेडाची एक फट. दहाव्यात खिडकी. अकराव्यात जेवणाचं टेबल, आणि बाराव्यात तो टेबलाशी बसून गातोय, तोंड इतकं उघडं की मागची दाढ दिसावी.

२ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांचं म्हणणं, ९ मार्चला संध्याकाळी पाच वाजता भिंत सगळ्यांना दाखवायची आणि आरंभाची प्रार्थना मोठ्या पाळकांनी करायची. म्हणजे पप्पांनी. आणि त्यांना विचारायचं कोणी, तर मी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की सगळ्यांना घरची माणसं आठवतात.

जेवताना विचारलं. पप्पा भात कालवत होते. "तुमचे पाळक आहेत ना?"

"ते म्हणतात, तुम्हीच करावी."

"माझ्याकडे काही नाही, शाई." ते मला लहानपणापासून शाई म्हणतात, माझी बोटं कधी स्वच्छ नसायची म्हणून. "रिकाम्या हंड्यातून काय ओतू?"

मला रडू आलं ते मी आमटीत लपवलं. त्यांनी तिथे उभं राहून खोटं काही बोलावं असं मला वाटत नाही. पण त्यांनी कधीच परत काही बोलू नये, हे त्याहून वाईट. एकदा बोलायला हवेत. एक वाक्य का असेना. माझं सगळं लक्ष आता ९ मार्चकडे लागलंय, भिंतीपेक्षाही जास्त.

११ फेब्रुवारी

शाईचं काम सुरू. हे सगळ्यात सुंदर असतं आणि सगळ्यात भीतीचंही, कारण खोडता येत नाही. ब्रश भरला, श्वास सोडला, आणि चादरीची लांब कड एका दमात खाली आणली. ती ओढताना मी कुठे होते सांगता येणार नाही. चादर हलली असं वाटलं, आणि तिचा वाससुद्धा आला, उन्हात वाळलेल्या सुताचा.

एक कटकट झाली आहे. चर्चची झाडलोट आणि कुलपं बघणाऱ्या मावशी (आम्ही सगळे त्यांना कुलूपमावशी म्हणतो, त्यांच्या तोंडावर नाही) तणतणत होत्या. दुपारी बाराला त्या मोठ्या दाराला आतून कडी लावतात आणि मागच्या बाजूने कुलूप घालून जातात. संध्याकाळी येऊन बघतात तर मोठ्या दाराची कडी काढलेली. आठवड्यात तिसऱ्यांदा. "वारा आला आणि कडी काढून गेला, असं म्हणायचं का मी?" पाळकसाहेब म्हणाले, विसरला असाल. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

१४ फेब्रुवारी

पहिल्या फळ्यावर, चादरीच्या कडेला, अंगठ्याचा डाग! ओल्या शाईवर कोणीतरी हात लावला. माझा जीव तळमळला. मुलांच्या वर्गाला चांगलं झापलं. मुलं म्हणाली, आम्ही नाही. सगळी मुलं असंच म्हणतात.

घरी येऊन बघते तर पप्पांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला काळं. म्हटलं, पप्पा, माझ्या टेबलावर कशाला हात टेकता, आता हे निघणार आहे का? त्यांनी नुसती बाही दुमडून घेतली. माझंच चुकलं, शाईच्या बाटल्या घरभर ठेवते.

१९ फेब्रुवारी

मला काळजी वाटायला लागली आहे. चहा पिता पिता पप्पा म्हणाले, "तुझ्या त्या माणसाला तू भरल्या टेबलावरून उठवलंस."

मी म्हटलं, उठवलं नाही, बसवलं. आणि तुम्हाला कोणी सांगितलं?

"ऐकलं." मग कप खाली ठेवून, "शेवट तू बदललास. मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी हिंमत असेल."

शेवट बदललाय हे खरं. पेन्सिलमध्ये बाराव्या फळ्यावर आधी अख्खी गायकमंडळी होती, ती खोडून एकटा माणूस ठेवला. पण टेबलावरून उठवलं कुठून आलं? पाळकसाहेबांनी काहीतरी सांगितलं असेल आणि यांच्या डोक्यात कालवाकालव झाली असेल. रोज चारला फिरायला जातात, सहाला येतात. कुठे जाता विचारलं तर "असंच" म्हणतात. रस्ता चुकत असतील का?

२५ फेब्रुवारी

आज परत. मी भांडी पुसत होते. मागून म्हणाले, "आधी गाणं, मग अंधार. असंच असतं. बरं केलंस, त्याला खोलीत एकट्याला सोडलंस."

मी ताटली ठेवून मागे वळले. ज्या माणसाला दीडशे स्तोत्रं पाठ आहेत, तो तेरावं उलटं सांगतोय. डॉक्टरांची वेळ घेतली.

१ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी पप्पांना शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. पप्पा दोनपर्यंत खाली गेले आणि म्हणाले, "पुढे ऋण पाच. जाऊ का?" मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी पप्पांनी तिन्ही सांगितले आणि डॉक्टरांना त्यातला एक आठवेना. बाहेर येऊन मला म्हणतात, "ते डॉक्टर बरे आहेत ना गं? थकलेले वाटले."

हसले मी, पण काळजी गेली नाही. डोकं शाबूत आहे, तर मग हे काय आहे? विचारावं असं दहादा वाटतं. आमच्या घरात मात्र विचारण्याची पद्धत नाही. आई विचारायची, ती तिघांचं विचारून घ्यायची.

७ मार्च

शेवटचा फळा झाला. बाराव्यात टेबलावर एकच ताट आहे. दुसरं काढायला तीनदा ब्रश उचलला. हात पुढे जाईना. एकच ठेवलं.

काम संपलं की नेहमी मला झोप येते. आज बाकावर आडवी झाले आणि अर्धवट झोपेत त्या भिंतीतून चालत गेले. चौकटींमधून नाही, मधल्या पांढऱ्या फटींमधून. तिथे गारवा होता. कोणीतरी पुढे चाललेलं होतं, सावकाश, मागे वळून न बघता, मी येईन इतक्या बेताने. जाग आली तेव्हा कुलूपमावशी पायाशी उभ्या. "ताई, बारा वाजले. कडी लावायची आहे. आज मी तिला दोरीपण बांधणार आहे."

पाळकसाहेबांनी आकड्यांचे कागद छापून दिलेत, एक ते बारा, आणि एक बाण. लोकांचा गोंधळ नको म्हणे. परवा लवकर जाऊन चिकटवायचे. पप्पांना शेवटचं विचारलं. पप्पा म्हणाले, "मला गर्दीत नको नेऊ."

९ मार्च, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

तीन वाजता आकडे घेऊन गेले. मावशींनी पायऱ्या धुवायला मोठं दार उघडं ठेवलं होतं. आत गेले तर सगळ्यात मागच्या बाकावर, पहिल्या फळ्यासमोर, पप्पा बसलेले. मांडीवर टोपी.

"बस," म्हणाले. मी बसले.

"हे तुला कसं कळलं?"

"काय?"

"चादर." त्यांनी हनुवटी खाली केली, जणू काही धरलंय. "तुझ्यासमोर कधी केली नाही मी. तू कामाला गेलीस की करायचो."

मी फळ्याकडे बघितलं. दीड महिना रोज चार तास बघत होते. त्या माणसाचे वाकलेले खांदे, पायजम्याची वर गेलेली घडी, चपला. चहाचं मोठं भांडं आमच्या ओट्यावरचं. कानाची ती लांब पाळी. मीच काढलेलं, आणि मला दिसलं नव्हतं. दार अर्धवट उघडं असताना कधी नजर पडली असेल, आणि मी पुढे निघून गेले असेन.

"सगळे मला सांगतात, चला म्हणे, पुढे उजेड आहे," पप्पा म्हणाले. "एकतीस वर्षं मीही लोकांना तेच सांगितलं. पोर गेलेल्या बाईलासुद्धा. तू तसं केलं नाहीस. आधी गाणं, मग टेबल, मग खिडकी, मग दिवा गेला. आणि शेवटी हा. इथेच थांबवलंस. रोज येऊन बसायचो. वाटायचं, निदान शाईला ठाऊक आहे."

"रोज? आत कसे आलात?"

"वेदीमागच्या माझ्या खोलीतून. जुनी किल्ली आहे. परत कोणी मागितलीच नाही." मग थोडे ओशाळून, "जाताना या दाराने जायचो. हेच जवळ पडतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे मोठ्या दारातून येतो. पप्पा पाळक, ते या चर्चमध्ये आयुष्यात कधी मोठ्या दारातून आत आलेलेच नाहीत. वेदीकडून येऊन बाराव्यापासून सुरुवात करायचे आणि पहिल्यावर संपवायचे. चित्रकथा त्यांनी जन्मात वाचलेली नाही, आणि आकडे तर माझ्या पिशवीत होते.

सांगायला तोंड उघडलं. मग गिळून टाकलं. चुकून का होईना, त्यांना कोणीतरी सोबत दिली होती, ती मी कशी काढून घेऊ? आणि खरंच मला ठाऊक असायला हवं होतं. मी म्हटलं, "पप्पा, मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नाही तुम्हाला." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या अंगठ्याच्या नखात अजून काळं होतं.

तेवढ्यात बाहेर प्लंबरचा आवाज आला, खुर्च्या उतरवत होते. पप्पा उठले. "माणसं आली. मी आपला मागच्या बाजूने जातो." आणि भिंतीच्या कडेने वेदीकडे चालायला लागले. मी मागोमाग.

तिसऱ्या फळ्यापाशी त्यांची चाल मंदावली. पाचव्यापाशी थांबले, एक पाऊल मागे आले, परत पुढे. सातव्यापाशी चष्मा काढून पुसला आणि लावला. नवव्यावर उजेडाची फट आहे, तिथे ते इतका वेळ उभे राहिले की बाहेरच्या खुर्च्या संपल्या.

"शाई," म्हणाले, "मी उलटं वाचत होतो."

"हो."

"महिनाभर."

"हो."

"आणि तू मला डॉक्टरकडे नेलंस."

हसले! आवाज करून हसले. चर्चमध्ये घुमलं ते. मग बाराव्यापाशी आलो. बघत राहिले. "ताट अजून एकच आहे."

"दुसरं काढवेना मला."

"नको. बरोबर आहे." बोट पुढे करून त्यांनी उघड्या तोंडाला हात लावला, शाई वाळलेली होती. "पण गातोय."

"गातोय."

मग वेदीमागच्या खोलीतून बाहेर पडले. किल्ली फिरल्याचा आवाज आला. मी तिथेच बाकावर बसून पोटभर रडले. आकडे चिकटवायचे राहिले ते राहिलेच.

पाचला मोठं दार उघडलं आणि लोक एकामागे एक आत यायला लागले, भिंतीच्या कडेने, पहिल्या फळ्यापासून. कुलूपमावशी, त्यांच्या मागे मुलांचा वर्ग, प्लंबर आणि त्याची बायको. आणि प्लंबरच्या मागे, टोपी हातात धरून, रांगेत, पप्पा. लोक त्यांना पुढे जायला जागा देत होते. ते मानेनेच नको म्हणत होते. पहिल्या फळ्यापाशी त्यांची पाळी आली आणि ते तिथे थांबले. मागची रांगही थांबली.

पाळकसाहेब मला शोधत होते, डोळ्यांनी विचारत होते, आता प्रार्थना कोण करणार? मी काही खूण करायच्या आत पप्पा बोलले. वेदीकडे तोंडसुद्धा केलं नाही. चादरीच्या त्या माणसासमोर उभे राहून, घरात बोलतात तशा आवाजात.

"प्रभू, चौदा महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तूही बोलला नाहीस. किती वेळ?"

एवढंच. मोठ्या पाळकांची प्रार्थना म्हणून लोक डोळे मिटून पुढची वाट बघत होते. पुढे काही नव्हतं. शेवटी प्लंबर आमेन म्हणाला. मग त्याची बायको, मग मी, मग सगळे. पप्पांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या फळ्याकडे सरकले.